ठरलेलं मन

शैलजाताईंच्या खळ दिलेल्या सुती साडीची सळसळ आधी ऐकू यायची, मग त्या दिसायच्या. नारायण पेठेतल्या एका आरोग्य केंद्रात, दुसऱ्या मजल्यावरच्या अरुंद खोलीत त्या समुपदेशक होत्या. आणि पौषातलं तिरपं, मऊ ऊन उतरावं तसा त्यांचा आवाज समोरच्या व्याकूळ माणसावर उतरायचा, घाई न करता, कशालाही न दुखवता.

मी वर्ध्याची. आयटी कंपनीत नोकरी लागली म्हणून पुण्यात आलेली, कर्वेनगरात भाड्यानं राहणारी. कॉलेजात माझं एका मुलावर प्रेम होतं. आता ऋता माझ्या आयुष्यात होती. ते प्रेम खरं आणि हेही खरं, एवढी साधी गोष्ट कुणाच्या पचनी पडत नव्हती. ऑफिसातल्या मैत्रिणींना ती फॅशन वाटे. मुलींवर प्रेम करणाऱ्या मुलींच्या ज्या गटात मी आशेनं गेले, तिथंही ऐकलं, "तू काय, शेवटी मुलाशीच लग्न करशील."

ओटीपोटात चार महिने कळा येत होत्या, तरी मी डॉक्टरांकडे जात नव्हते. आधीच्या डॉक्टरांना जोडीदाराविषयी खरं सांगितलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पसरलेली थंड परकेपणाची छाया मला पुन्हा पाहायची नव्हती.

शेवटी मी शैलजाताईंच्या खोलीत गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "उद्या सकाळी मी येते तुमच्याबरोबर," एवढंच म्हणाल्या.

नव्या डॉक्टरबाईंनी जोडीदारांविषयीचं माझं उत्तर लिहिता लिहिता भुवई उंचावली. "पुरुषही आणि स्त्रीही? म्हणजे अजून नक्की ठरलेलं दिसत नाही."

ताईंनी पदर सारखा केला. "ठरलंय की. माझंही तीस वर्षांपूर्वी ठरलं होतं. दोघांवरही मन जडतं. आपण तपासणीचं तेवढं बघा."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि निराळ्याच, मृदू स्वरात मला विचारलं, "कुठे दुखतं?"

बीजकोशावर गाठ होती. वेळेत सापडली, निघाली.

तपासणीच्या दिवशी जिना उतरताना ताई मधल्या पायरीवर थांबल्या. "परक्या माणसासमोर हे पहिल्यांदाच बोलले मी," म्हणाल्या. मी भीतभीत विचारलं, "यजमानांना माहीत आहे?"

"लग्नाआधीच सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, चहा करू का?" त्या हसल्या, आणि ते हसू अर्ध्यातच विरलं. "बाकीच्यांनी मंगळसूत्र पाहिलं आणि पुढं काही विचारलंच नाही. लग्न झालं की अर्धं मन पुसलं जातं, असं वाटतं लोकांना."

नंतर त्यांनी ते कधी लपवलं नाही. केंद्रातल्या दोघीतिघींनी त्यांच्याबरोबर डबा खाणं सोडलं. ताई एकट्या जेवत, शांतपणे, शेवटच्या घासापर्यंत. पण त्यांच्या दारात आता कात्रजहून, हडपसरहून माणसं येऊ लागली, आपलं दुखणं पहिल्यांदाच पूर्ण सांगायला.

काही वर्षांनी, भाद्रपदातल्या एका सकाळी, ताई हृदयविकारानं गेल्या. शोकसभेत प्रत्येक जण त्यांच्या आदर्श संसाराविषयी बोलला. खोटं त्यात काही नव्हतं, पण अर्ध्या ताई त्यात नव्हत्याच. शेवटी मी उभी राहिले. "ताईंचं मन स्त्रियांवरही जडत असे. त्या हे उघड सांगायच्या. त्यांनी सांगितलं, म्हणून मला उपचार मिळाले."

सभागृह अवघडलं. पुढच्या रांगेतून ताईंचे यजमान, श्रीधरराव, सावकाश उठले. "खरं आहे ते," म्हणाले. "माझी बायको तशीच होती. तिला अर्धी आठवू नका." आणि खाली बसून त्यांनी चष्मा पुसला.

काळ माणसाला नेतो तेव्हा सबंध नेतो. सोयीपुरतं जपून बाकीचं पुसून टाकतात ती मागे उरलेली माणसं, आणि म्हणून एखाद्याच्या नसण्याशी प्रामाणिक राहायचं, तर त्याला रोज थोडं धैर्य करून सबंध आठवावं लागतं.