उंच माउंट

नंदुरबारच्या दुकानात भाईदासांनी रायफल काउंटरवर आडवी ठेवली आणि दुर्बीण बसवायचे दोन माउंट आळीपाळीने तिच्यावर धरून पाहिले. एक बुटका, एक उंच. रानडुकरांनी शहाद्याकडची त्यांची केळी लोळवली होती. मारायची परवानगी कालच हातात आली होती.

त्यांनी रायफल लेकीकडे दिली. नेम धरायला त्यांनीच तिला शिकवलं होतं, घराबाहेर कुणाला न सांगता. रुचिकाने डोळा लावला.

“आप्पा, उंच ल्या. दुर्बीणना खालतीन नळीवरनी नेम धराानी माशी बी दिखस. जनावर अंगवर उनं ते दुर्बीणमा नुसता केस दिखतीन.”

पुतण्या धर्मेंद्र हसला.

“काका, हाई बंदूक शे का उंट?”

दुकानदारही हसला. आप्पांनी हसतच बुटका माउंट बसवून घेतला. बाहेर बाजारातल्या मिरचीच्या ठसक्याने ते शिंकत राहिले, मग स्टँडवर तिघांनी भजी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आप्पांची पहिली गोळी डुकराच्या पोटात बसली आणि ते केळीशेजारच्या उसात शिरलं. घायाळ जनावर टाकून घरी जायचं नाही, हा त्यांचा नियम. सकाळी तिथे बाया चाऱ्याला येतात. रुचिका आणि धर्मेंद्रला बांधावर थांबवून ते एकटे आत गेले.

गोळीचा आवाज आलाच नाही. किंकाळी आली.

रुचिका पाचट तुडवत धावली. आप्पांची मांडी कमरेपर्यंत उसवली होती, तरी डोळा दुर्बिणीलाच होता. डुक्कर त्यांच्या पोटात मुसंडी मारत होतं. तिने रायफल ओढून घेतली, नळी त्याच्या कानाला टेकवली, चाप दाबला. गरम रक्त तिच्या तोंडावर उडालं. आप्पा तिच्याकडे बघत बघत गेले.

मग बॅटरी घेऊन धर्मेंद्र आला. त्याने तिच्या हातातून रायफल काढून घेतली, तिला पंपावर तोंड धुवायला पाठवलं. माणसं जमली तेव्हा रायफल त्याच्या हातात होती.

दहाव्याला अंगणात बसलेले लोक त्याची पाठ थोपटत होते. काकाला मारणारं जनावर यानेच लोळवलं, आता परवानाही याच्याच नावे व्हावा. रुचिकाची आई शोभाबाई मान हलवत होती. धर्मेंद्र खाली बघत होता.

नळावर पुन्हा तोंड धूत असलेली रुचिका ओल्या चेहऱ्यानेच पुढे आली.

“डुक्कर मी मारं, दादा. नळी कानले टेकीसन. तू बांधवर व्हता.”

ती आईकडे वळली.

“परवाना मन्हा नाववर मांगसू. आनि माउंट उंच बसाडसू.”