उजवीकडचा बॉक्स

सुशीला गेल्यानंतर आठ महिने मी गाणी लावली नाहीत. मार्चमधल्या एका शनिवारी लावली, तर स्पीकरमधून फाटका, खरखरणारा आवाज आला. जाळी काढून पाहिलं. आतल्या कागदी शंकूच्या कडेचा फोम बोट लावताच भुगा होऊन खाली पडला.

माझी मुलगी हर्षदा पुण्याहून फोनवर म्हणाली, "बाबा, ते सगळं जुनं काढून टाका ना. साउंडबार घ्या. टीव्हीखाली बसतो, वायरींची कटकट नाही."

"अँप्लिफायर चांगला आहे. फक्त स्पीकर गेलेत."

"मग पॅसिव्ह स्पीकर बघावे लागतील तुम्हाला."

"म्हणजे?"

"ज्यांच्या आत स्वतःचा अँप्लिफायर नसतो ते. बाहेरून कुणीतरी जोर दिला तरच वाजतात."

"म्हणजे माझ्यासारखे," मी म्हटलं. ती हसली नाही.

दर शनिवारी चार वाजता नल्लकुंट्याच्या या घरात आम्ही दोघं चहा घेऊन बसायचो. गाणी ऐकायचो, कधी जुना सिनेमा लावायचो. कितीतरी वर्षं हा नेम होता. सुशीला परत येणार नाही हे मला कळतं. पण घर पूर्वीसारखं वाजावं, एवढं तरी बाजारात मिळेल असं मला वाटत होतं.

कोठीच्या बाजारात गौसभाईंचं स्पीकरचं दुकान आहे. माझ्याच वयाचे असतील. स्वस्तातल्या जोड्या मागितल्या तर त्यांनी दोन पुढे ठेवल्या, एक मोठी, एक छोटी.

"साब, पिक्चर के वास्ते ये बड़े लो, गाने के वास्ते ये छोटे. दोनों काम एकीच से होना बोले तो दिल को समझाना पड़ता."

दोन्हींवर एकच गाणं ऐकलं. मोठ्यांत ढोलकी छातीवर येत होती, पण गाणारीच्या तोंडात खडीसाखर असावी तसे शब्द दबलेले. छोट्यांत शब्द स्वच्छ, पण तबला पत्र्यावर वाजवल्यासारखा. हे सगळं चाललं असतं. खोट दुसरीच होती.

"उजवीकडचा बॉक्स कमी वाजतोय," मी म्हटलं.

गौसभाईंनी डावा बॉक्स उजवीकडे ठेवला, उजवा डावीकडे. तरी उजवीकडचाच कमी. वायरी बदलल्या. तेच. मग तिसरी जोडी लावली. तिचाही उजवीकडचा कमी.

"क्या साब! तीन जोड़े, तीनों का सीधे हात का बॉक्स खराब?"

"हल्ली मालच तसा येत असेल. आमच्या घरी दोन्ही सारखे वाजायचे. मी हायकोर्टात एकतीस वर्षं स्टेनो होतो, गौसभाई. जजसाहेब तोंडातल्या तोंडात बोलायचे, तेसुद्धा उतरवून घेतलंय. माझ्या कानाला फसवू नका."

"हौ साब, हौ. झगड़ा नक्को. दोनों जोड़े घर कू ले जाओ, अपनी मशीन पे सुनो. अगले शनिवार कू एक जोड़ा वापस लेने मैं खुद आतूं."

घरी येऊन अँप्लिफायर पुसायला घेतला. बॅलन्सच्या बटणाशेजारी सुशीलाची लाल टिकली चिकटलेली होती आणि तिच्या मागे जुन्या टिकल्यांच्या डिंकाचे चार डाग. यावरून मी तिला बोललो होतो. "अगं, ही मशीन आहे, आरसा नव्हे." त्यावर ती म्हणाली होती, "अहो, पुसताना बटण हलतं. खूण असलेली बरी." मी डाग तसेच ठेवले. बटणाची रेघ टिकलीवर होती, तीही तशीच राहू दिली.

आधी छोटे स्पीकर जोडले. दोन्ही सारखे वाजले. मोठे जोडले, तेही सारखे. दुकानात जे बिघडलेलं होतं ते घरी दुरुस्त झालं होतं. मी खाली बसलो आणि गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

आठवडाभर आलटून पालटून ऐकले. सिनेमाला मोठे बरे होते. गाडी गेली की खिडकीचं तावदान थरथरायचं. पण माणसं बोलायला लागली की मला पुढे वाकावं लागे. सुशीला म्हणायची, "शब्दच कळले नाहीत तर ऐकायचं कशाला?" म्हणून छोटे ठेवायचं ठरवलं. उजवीकडचा किंचित, अगदी किंचित कमी वाटत होता. एवढं चालायचंच, म्हटलं.

शनिवारी चारला गौसभाई आले. मी चहा केला. ते सुशीलाच्या खुर्चीवर, माझ्या डावीकडे बसले. मी छोटे स्पीकर लावले.

"बघा, कसे सारखे वाजतात."

त्यांनी कप खाली ठेवला. "साब, सीधे हात का बहुत ज़ोर से बज रा. उल्टे हात का तो सोच सोच के बोल रा." ते उठले आणि अँप्लिफायरजवळ वाकले. "ये बॅलन्स ऐसा कायकू घुमा के रखे?"

"मी नाही. घरच्यांनी ठेवलंय."

"एक मिनिट." त्यांनी बटण मधोमध आणलं. "अब सुनो. अब बराबर है."

उजवीकडचा बॉक्स जवळजवळ बंद पडला.

"गेला की हो!" मी म्हटलं. "दुकानात होता तसाच झाला."

गौसभाई बटण तसंच सोडून वळले. ते माझ्या मागून गेले आणि पुन्हा समोर येऊन उभे राहिले.

"साब, मैं अब्बी आपके सीधे कान के पास चुटकी बजाया."

"कधी?"

त्यांनी मान खाली घातली. बटण पुन्हा टिकलीवर आणलं, रेघ नीट जुळवली. मग म्हणाले, "बॉक्स अच्छे हैं साब. दोनों जोड़े अच्छे हैं." मोठी जोडी उचलून ते दारापर्यंत गेले. तिथून वळून म्हणाले, "कान का दवाखाना हमारी गल्लीच में है. मेरा नाम बोलो, बिठा के नैं रखते."

ते गेल्यावर मी तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसलो. ही खुर्ची पूर्वी माझ्या उजवीकडे असायची. एक दिवस तिने ती ओढून डावीकडे आणली. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "इकडे पंख्याचा वारा लागतो." पंखा खोलीच्या मधोमध आहे. रस्त्यानेही ती डावीकडून चालायला लागली होती. मी चिडवलं, "म्हातारपणी वामांगी व्हायची हौस आली का?" ती म्हणाली, "हो, आली. तुमचं काही म्हणणं आहे?"

सोमवारी कोठीला जाऊन कान तपासून घेतले. डॉक्टर तरुण मुलगी होती. कागदावरची रेघ दाखवत म्हणाली, "डावा वयाच्या मानाने उत्तम आहे. उजवा मात्र दहा-बारा वर्षांपासून हळूहळू जात आलाय. तुम्हाला कळलं नाही?"

"नाही."

"घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"आलं होतं," मी म्हटलं.

बारा वर्षांपूर्वी माझी पाच वर्षं नोकरी राहिली होती. तिने तेव्हा सांगितलं असतं तर मी रोज कोर्टात घाबरून बसलो असतो. एक शब्द चुकला असता तरी दोष कानाला दिला असता. आणि तिच्यावर चिडलो असतो, हे तर नक्कीच. रिटायर झाल्यावर तरी सांगायचं. पण तोवर मी येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्या कानाच्या गोष्टी सांगत सुटलो होतो आणि ती आतून चहा आणून सगळ्यांना देत होती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कानात यंत्र लावा, दोन्हीकडचं सारखं ऐकू येईल. लावीन. पण ते लावलं की बटण मधोमध आणावं लागेल. हर्षदाला फोनवर सांगितलं, थोडे दिवस जाऊ देत. तिने का म्हणून विचारलं. म्हटलं, आधी हे स्पीकर ऐकून घेतो.

पुढच्या शनिवारी चारला चहा घेऊन बसलो. छोटे स्पीकर, तेच गाणं. उजवीकडचा किंचित कमी होता. बॉक्स कमी नव्हता, आता मला ठाऊक होतं. ती गेल्यापासून कान आणखी थोडा गेला होता आणि बटण होतं तिथेच राहिलं होतं.

उठलो. बटण केसभर पुढे सरकवलं. खुर्चीत येऊन ऐकलं. पुन्हा उठून आणखी केसभर सरकवलं. तेव्हा दोन्ही सारखे झाले.

तिच्या कपाटात टिकल्यांचं पाकीट होतं. त्यात सहा उरल्या होत्या. एक काढून बटणाच्या नव्या रेघेशी लावली. जाड बोटांनी ती जरा तिरकीच बसली. तिची टिकली मागे होती तिथेच राहू दिली.