पलीकडची थाळी

आमच्या वस्तीत घरं मोजकीच, पण कान सगळ्यांचे तिखट. नावाडीकाका सोडून. आणि नेमकं ऐकायचं काम त्यांचंच. पलीकडच्या काठावर झाडाला एक पितळी थाळी टांगलेली होती. ती वाजली की काकांनी नाव घेऊन जायचं.

काकांना ऐकू येईनासं झालंय हे आम्ही सगळे ओळखून होतो, पण बोललं कुणीच नाही. बाहेर फुटलं असतं तर नाव दुसऱ्याच्या हाती गेली असती, आणि नावेशिवाय काका ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. म्हणून थाळी वाजली की कुणी ना कुणी निमित्त काढून त्यांना नदीकडे धाडायचं. काकू तर त्यापायी इतक्या वेळा काकांना सोबत घेऊन घागर भरायला निघायची की घरात पाणी ठेवायला भांडं उरलं नाही.

त्या दुपारी माझी धाकटी बहीण तान्ह्या लेकीला घेऊन पलीकडे आली. थाळी घराघरांत ऐकू गेली. मला वाटलं काकू उठली असेल, काकूला वाटलं मी. बहीण आपली उन्हात थाळी बडवतेय. शेवटी मी धावत गेले तेव्हा कुठे नाव हलली.

बहीण माझ्याहून फटकळ. उतरल्या उतरल्या सगळ्यांदेखत ओरडून म्हणाली, "काका, तुम्हाला ऐकू येत नाही."

काकूने मान खाली घातली.

"कधीचंच," काका बाळाकडे बघत म्हणाले. "मला वाटलं, तुम्हाला कुणाला पत्ता नाही."

ते जाळं विणायला नदीकडे पाठ करून का बसतात, याचं मला नेहमी नवल वाटायचं. आता कळलं. थाळी वाजली की आमच्या माना नदीकडे वळतात, हे त्यांनी हेरलं होतं. माना वळल्या की ते उठायचे. काकूच्या घागरी फुकटच गेल्या म्हणायच्या. त्या दुपारी मात्र आम्ही सगळे ऊन चुकवत घरात बसलो होतो.

डोळे तर ठणठणीत आहेत ना, असं बहिणीनेच विचारलं. संध्याकाळपर्यंत काकूने जुनी लाल चादर फाडली आणि काकांनी पलीकडे खांब रोवून ती दोरीला बांधली. दोरी ओढली की चादर वर.

दुसऱ्या दिवशी काका जाळं घेऊन नदीकडे तोंड करून बसले. आम्ही अंगणात बाळाचं कौतुक करत होतो. काकूला पलीकडे लाल दिसलं, ती सवयीने घागरीकडे धावली, आणि तिथेच थांबली. काकांनी नाव केव्हाच सोडली होती.