शिंपीणबाईंची भिंत

जमीनमोजणीच्या मशीनला हात लावू नका, हे मी गिऱ्हाइकांना घसा कोरडा होईस्तोवर सांगते. पण निवृत्त हेडमास्तरांना सांगणारी मी कोण!

त्यांचं म्हणणं, शेजारच्या शिंपीणबाईंनी दुकानाची भिंत त्यांच्या जागेत घुसवलीय, ती पाडायलाच हवी. बाईंनी जन्मभर शिलाई करून बांधलेली भिंत! शेवटी परवानावाली खासगी मोजणीदार म्हणून दोघांनी मला बोलावलं. मी दाखवीन ती हद्द दोघांना मान्य, असं ठरलं. मी मशीनपाशी आणि आमचे हे लांब काठी धरून ताठ उभे. घरात एका कामाला असे उभे राहतील तर शपथ!

भिंतीचे कोपरे मोजले, आकडे पाहिले. भिंत खरंच वीतभर मास्तरांच्या जागेत.

"बघा, मी म्हणत नव्हतो?" मास्तर खूश.

बाई मटकन खाली बसल्या. "आता पाडू म्हणता?"

आमच्या धंद्यात मशीन उचलण्याआधी, ज्या पक्क्या खुणेवरून मोजणी सुरू केली, ती पुन्हा बघायची असते. मशीनच्या दुर्बिणीला डोळा लावला, तर खूण भलतीकडेच! मान वर केली. मास्तर मशीनच्या तिपाईवर कोपर टेकून आरामात उभे.

"अहो मास्तर, हा काय गप्पांचा कट्टा आहे? आधी कोपर काढा!"

"जरा टेकलो तर काय बिघडलं?"

"मशीन हललं! बिचारीची भिंत जात होती ना!"

मास्तरांना लांब खुर्चीत बसवलं आणि सगळं पहिल्यापासून मोजलं. या वेळी खूण जुळली. भिंत बाईंच्याच हद्दीत निघाली. पण मास्तरांच्या मागच्या दाराच्या पायऱ्या मात्र बाईंच्या जागेत! आमचे हे काठीआड फिदीफिदी हसायला लागले.

मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. "म्हणजे... माझ्या पाडायच्या?"

खरं सांगते, मी असते तर सोडलं नसतं. बाई डोळे पुसत उठल्या. "नको हो. त्यांचे गुडघे धड नाहीत, उतरणार कुठून?"

नकाशात मात्र पायऱ्या बाईंच्या हद्दीतच दाखवल्या. तिथे दयामाया नाही. मास्तरांनी मुकाट सही केली, मागच्या दारापर्यंत गेले आणि थबकले.

"बाई," ते हळूच म्हणाले, "तुमच्या पायरीवर जरा बसू का?"