इंग्रीबाईचा वाटा

होय, मीच बोलतेय, सरूबाईची शेळी. दचकू नका. एवढं सगळं डोळ्यांदेखत घडल्यावर माणसांनी तेवढं दचकायचं आणि शेळीनं मुकाट पाला खायचा, हे मला काही जमेना.

माझा जन्म धूलकोटचा. शाहपूरच्या बाजारात मला विकायला आणलं, तेव्हा वाटलं होतं, कुणी शेतकरी नेईल, बांधाबांधानं चारेल, संपलं. पण मला घेतलं प्रकाशनं. प्रकाश हा बऱ्हाणपूरच्या एका संस्थेचा माणूस. परदेशातून कॉलेजची पोरंपोरी यायची. त्यांना गावोगाव हिंडवायचं, त्यांचं बोलणं आपल्या लोकांना आणि आपलं त्यांना समजावून सांगायचं, हे त्याचं काम.

ही पोरं विमानानं यायची, महिना-दीड महिना गावात सेवा करायची, आणि त्या सेवेचे त्यांना तिकडे परीक्षेत गुण मिळायचे. हे ऐकलं आणि मी रवंथ करायचीच थांबले. अभ्यासाचे गुण असतात एवढं ठाऊक होतं. दुसऱ्याचं अंगण झाडल्याचेही मिळतात, हे नवीनच! आमची सरूबाई जन्मभर लोकांच्या केळीत राबली, तिला कुणी अर्धा गुण दिला नाही.

तर त्या पोरींत एक होती इंग्रिड, नॉर्वेची. उंच, उन्हानं नाक लालबुंद झालेली, पण मनानं चांगली हो. तिनं एका गरजू बाईला जनावर द्यायचं आणि त्यानं बाईचं काय भलं झालं ते लिहायचं, असं ठरलं होतं. जनावर म्हणजे मी. बाई म्हणजे इच्छापूरची सरूबाई, नवरा गेलेली, एकटी राहणारी.

मला झेंडूचा हार घातला. मी तो तिथंच अर्धा खाल्ला. शेळीच्या गळ्यात फुलं बांधल्यावर दुसरं काय होणार? इंग्रिडनं माझा दोर सरूबाईच्या हातात दिला आणि रडायलाच लागली. सरूबाई बावरली. देणारी बाई रडतेय म्हणजे हिची लाडकी बकरी असणार, असं तिला वाटलं. तिनं प्रकाशला विचारून घेतलं, बकरी बटईनंच ना?

आमच्याकडे बटईची रीत आहे. बकरी एकाची, राखणार दुसरा. पिलं झाली की निम्मी देणाऱ्याची, निम्मी राखणाऱ्याची. यात लिहिणं-पुसणं नसतं, जबानीवर चालतं. प्रकाशचं सगळं लक्ष फोटोत. "हां हां, वही, मावशी. इकडं बघा जरा," एवढं म्हणून तो मोकळा झाला. फोटो निघाला, पोरं गेली, आणि सरूबाईच्या मनात ते पक्कं बसलं.

पुढं मला दोन पिलं झाली, एक बोकड, एक मादी. सरूबाईनं जरा विचार केला आणि बोकड इंग्रीबाईचा ठरवला. इंग्रिड काही तिच्या जिभेला यायचं नाही, इंग्रीबाईच म्हणायची. शेजारचा कडू तिला वेड्यात काढायला लागला. बोकडालाच तर भाव, आणि तोच दुसरीच्या नावानं? सरूबाई म्हणाली, बकरी तिची, तर चांगलं तिलेच जायला पायजे.

आणि काय सांगू, बोकड तरी कसा झाला! काळा कुळकुळीत, पाठीवर पांढरा पट्टा. माझा पोर म्हणून नाही सांगत, रस्त्यानं जाणारा थांबून बघायचा. त्या वर्षी वादळ आलं. केळीच्या केळी आडव्या झाल्या, मजुरी बुडाली, सरूबाईच्या घराचे पत्रे नाल्यापलीकडं जाऊन पडले. सगळा गाव म्हणायला लागला, विक तो बोकड, पत्रे टाक. ती पोरगी काय बघायला येतेय?

"ती बघायला येत नाही म्हनूनच इकता येत नाही," सरूबाई म्हणाली. "अमानत हाय."

पावसाळाभर ती प्लॅस्टिकच्या कागदाखाली झोपली. बोकड मात्र घरातल्या कोरड्या कोपऱ्यात.

मग नवी पोरं आली. प्रकाश त्यांना घेऊन इच्छापुरात दिसला आणि सरूबाईचा जीव भांड्यात पडला. तिनं बोकडाला न्हाऊ घातलं, प्रकाशच्या हाती दोर दिला आणि सांगितलं, हा इंग्रीबाईचा वाटा, तिच्याकडं पोचता कर. विमानात घाबरला तर पाठीवर हात फिरव, गप बसतो. प्रकाश हसला. सरूबाईला वाटलं, खुशीनं हसला. मलाही तसंच वाटलं. मी आपली पोराला हाक मारून घेतली. त्यानं वळून पाहिलं आणि तो गाडीत चढला.

काही दिवसांनी आम्हाला बऱ्हाणपूरला बोलावणं आलं. पोरांचा निरोपसमारंभ होता. मागच्या वर्षीच्या शेळीनं बाईचं कसं भलं झालं, हे दाखवायला आम्ही दोघी हव्या होतो. भर दुपारी मला संस्थेच्या आवारात लिंबाला बांधलं. मी मान वर केली. कंपाउंडच्या भिंतीवर कातडं वाळत घातलं होतं. काळं, पाठीवर पांढरा पट्टा.

मी ओरडले, घसा फाटेस्तोवर ओरडले. लोक म्हणाले, शेळी भुकेली दिसते. कुणीतरी माझ्यासमोर केळीची सालं टाकली.

सरूबाई तिकडं मंडपात मानाच्या खुर्चीवर. ताट तिच्या हातात. सगळी पोरं मटणभाकरी मिटक्या मारत खात होती. तिनं मात्र घास उचलला नाही, आधी प्रकाशला विचारलं, "इंग्रीबाईचा बोकड पोचला का रे?"

प्रकाशची नजर ताटाकडं गेली. तेवढंच. सरूबाईनं ताट हळूच खाली ठेवलं आणि पदराला हात पुसले, घास न घेताच.  

चष्म्यावाल्या एका पोरीला हे दिसलं. काय झालं, काय झालं म्हणून ती प्रकाशच्या मागंच लागली. त्याला सांगावं लागलं: रीत काय, वाटा कुणाचा, आणि संस्थेच्या साहेबांनी बोकड कुठून आला विचारलं तेव्हा आपण 'गावानं दिला' म्हणालो ते. हळूहळू मंडपातलं खाणंच थांबलं. एक पोरगा तोंड धरून बाहेर पळाला.  चष्मेवाली म्हणाली, इंग्रिडला या शेळीवरच सगळ्यांत जास्त गुण मिळाले होते. पण असा वाटा असतो हे इंग्रिडला कुणी सांगितलंच नव्हतं.

प्रकाशनं सरूबाईचे पाय धरले. "मावशी, तिला काही नको हो. तिला तिचं मिळालं."

"तिनं सांगितलं का तसं?" सरूबाई म्हणाली. "तू नको सांगू. तिचं तिनं सांगावं. चूक माही हाय, पोरीची अमानत मी भलत्याच्या हाती दिली. आता माह्या वाट्याची बकरी तिची."

म्हणजे माझी लेक!  अहो, पोर मारलं यांनी, आणि भरपाई आम्ही करायची? पण सरूबाईला कोण समजावणार? प्रकाशनं लेक न्यायला साफ नकार दिला, तर ती म्हणाली, मग माह्या दारी राहील, पण तिच्या नावानं.

तेव्हापासून लेक वेगळ्या खुंट्याला बांधलेली असते. सरूबाईनं आत्ताच सांगून ठेवलंय, ती व्याली तरी तिच्या दुधाला शिवणार नाही, शेजारच्या पोरांना वाटून टाकीन. पत्रे अजून पडलेलेच आहेत. चष्मेवालीनं इंग्रिडला कळवते म्हणून सांगितलं होतं, अजून काही आलं नाही. दिवाळी आली तशी गेली.

इंग्रीबाई, तुझा मला राग नाही. तुझ्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं, मी जवळून पाहिलंय. पण तू एकदा ये, नाहीतर त्या फोनवर तरी दिस, आणि तुझ्या तोंडानं 'मला नको' एवढं म्हण. दुसऱ्या कुणाचं ती ऐकायची नाही. लवकर सांग गं बाई. मला पुन्हा दिवस गेलेत, आणि काल माझ्या पोटावरून हात फिरवत सरूबाई म्हणाली, यातलं बी निम्मं तिचं.