नऊचं विमान

बसडेपोत त्याला सगळे घड्याळमास्तर म्हणत. सव्वीस वर्षं त्यानं गाड्यांची वेळापत्रकं लावली. सुटायची वेळ अधिक प्रवासाचे तास, की पोचायची वेळ तयार. त्यात कधी मिनिटाचा फरक पडला नाही, आणि आईनं हे कौतुक सांगून सांगून शेजारपाजाऱ्यांचे कान किटवले होते.

म्हणून तर सकाळी सहाला धाकट्या बहिणीचा मेसेज आला, तेव्हा त्यानं डोळे झाकून हिशेब केला. ‘मंगळवारी सकाळी नऊचं विमान मिळालं. साडेबारा हजार किलोमीटर, चौदा तास लागतात.’ म्हणजे आज रात्री अकरा.

दवाखान्यात डॉक्टर आदल्या दिवशीच स्पष्ट बोलले होते. आईचं दुखणं आता साध्या औषधांना जुमानणार नाही. मोठं इंजेक्शन दिलं की झोप लागेल, पण त्या झोपेतून त्या बहुधा उठणार नाहीत.

“अकरा ना? काढते मी,” आई म्हणाली. “ती भेटली की मग द्या काय द्यायचं ते.”

आणि तिनं दिवस काढला. पलंगाची दांडी धरून धरून तिची बोटं पांढरी पडली. ओरडली नाही, बोललीही नाही. बोलायचं ते लेकीशी, म्हणून दम राखून ठेवला होता. मधूनच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची. “आठ तास राहिले,” तो सांगायचा. “सातच.” “आता सहा.”

साडेपाचला फोन वाजला. धाकटीचा होता.

“दादा, विमानतळावर पोचले. तासाभरात सुटेल. आई कशी आहे?”

“तू अजून तिथंच?”

त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तिकडे आत्ता सकाळचे आठ वाजत होते. दोन्हीकडच्या घड्याळांत साडेनऊ तासांचा फरक, हे त्याला काय माहीत नव्हतं? सहा वर्षं तिला फोन करताना तो बोटांवर साडेनऊ तास मागे मोजत आला होता. पण गाडीची वेळ म्हटल्यावर डोकं आपोआप डेपोच्या हिशेबाला लागलं. तिकडचे नऊ म्हणजे इकडचे संध्याकाळचे साडेसहा. त्यात चौदा मिळवले की उद्या सकाळचे साडेआठ. अजून पंधरा तास होते.

स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली त्याला. खोटं बोलावं, तर अकराला काय सांगायचं?

“आई, मी चुकलो गं. ती उद्या सकाळी साडेआठला येईल.”

दिवसभरात पहिल्यांदा आईच्या डोळ्यांतून पाणी आलं. “एवढं नाही रे होणार माझ्याच्यानं.” मग त्याचा चेहरा बघून म्हणाली, “असू दे. गाडी आहे. होते लेट.”

त्यानं फोन तिच्या कानाशी धरला.

“सावकाश ये हं बाळा,” आई म्हणाली. राखून ठेवलेला दम तेवढ्यावरच संपला. तिनं सिस्टरला मानेनं खूण केली.

सिस्टरनं इंजेक्शन दिलं. दांडीवरची बोटं एकेक करून सुटत गेली.

“दादा, आईचा आवाज असा का येत होता?”

“झोप लागलीय तिला.”

“मी येईपर्यंत उठेल ना?”

तिच्यामागून विमानाची घोषणा ऐकू येत होती. सव्वीस वर्षं डेपोच्या खिडकीतून त्यानं हजारो प्रवाशांना वेळ सांगितली होती.

“तू विमानात बस,” तो म्हणाला.