नडगीतली फट

बाबांच्या नडगीचं हाड दोन ऑपरेशनं होऊनही जुळेना. एक्स-रेत मधोमध काळी फट. तिसऱ्यांदा डॉक्टरीणबाईंनी फट साफ करून आत औषधात भिजवलेला स्पंज बसवला.

"यात ग्रोथ फॅक्टर आहे," त्या म्हणाल्या. "तो स्वतः हाड होत नाही. आजूबाजूच्या पेशींना कामाला लावतो, की इथे हाड करा. पण मी सांगेपर्यंत पाय टेकायचा नाही. नाहीतर मुसळ केरात. आणि पुढच्या वेळी पाय वाचेलच असं मी म्हणणार नाही."

बाबा फरशी बसवतात. दिवसभर उकिडवं बसायचं काम. पाय गेला की काम गेलं. तरी एका दुपारी बघते तर कुबड्या पलंगापाशी आणि बाबा स्वयंपाकघरात, दोन्ही पायांवर उभे, पाणी पीत.

माझं डोकंच फिरलं. "हे काय चाललंय?"

"दुखत नाही गं आता. आतून भरलंय."

"तुम्हाला आतलं दिसतं?"

"शाळा सोडलीस ती मास्तरीण व्हायला का?"

"एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं," आई म्हणाली आणि त्यांना धरून पलंगावर आणलं.

मी त्यांच्या पिशवीतून सूत काढलं. फरशी बसवली की ती धरेपर्यंत बाबा दारात सूत बांधतात. मग घरमालकसुद्धा आत जात नाही. एकदा कोणाची तरी सासू सूत ओलांडून चष्मा आणायला गेली, तर बाबांनी तिच्यासमोर तेवढी फरशी उखडली.

मी पलंगाच्या खांबापासून कपाटाच्या कडीपर्यंत सूत ताणलं.

"हे कशाला?"

"काम ओलं आहे. उतरायचं तर हाक मारायची."

"आणि नाही मारली तर?"

"ती सासू आत गेली तेव्हा तुम्ही काय केलंत?"

बाबांनी सूत बोटाने दाबून पाहिलं. मग म्हणाले, "ढिलं बांधलंयस, गाढवे. ताण."

त्यानंतर त्यांनी हाका मारून मारून माझा जीव खाल्ला. पाणी, संडास, खिडकी, माशी. आम्ही भांडलो, पण मी प्रत्येक हाकेला गेले.

परवा नवा एक्स-रे काढला. फटीत पांढुरकं काहीतरी साचलं होतं.

"हाड धरायला लागलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण भार अजून नाही."

"नुसता अंगठा टेकवला तर?"

"बाबा!"

डॉक्टरीणबाई दचकल्या. बाबांनी घाईघाईने पाय वर धरला. "टेकवला का? विचारलं फक्त!"